वातानुकूलन पंखा, मोटारगाडीतील : दोषनिदान व दुरुस्ती

मोटारगाडीतील प्रवाशांच्या कक्षात थंड व कोरडी हवा खेळती ठेवणारा पंखा आणि कक्षातून काढून घेतलेली उष्णता बाहेरच्या हवेत सोडण्यास मदत करणारा पंखा या दोहोंना वातानुकूलन पंखा असे म्हणतात. पहिला पंखा चालकासमोरील फलकाच्या आत, बहुधा डाव्या बाजूच्या खणाखाली असतो. त्याला व्यवहारात ‘ब्लोअर’ म्हणतात. दुसरा पंखा गाडीच्या पुढील जाळीमागे असून तो संघनकाच्या (प्रशीतकाच्या वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर करणाऱ्या नळ्यांच्या जाळीच्या) पंखांमधून हवा ओढतो. ‘एसीचा पंखा बिघडला’ ही तक्रार या दोहोंपैकी कोणत्याही पंख्याविषयी असू शकते. दोन्ही पंख्यांच्या दोषांची लक्षणे भिन्न असल्याने तक्रार नेमकी कोणत्या पंख्याची आहे, हे ठरविणे ही निदानाची पहिली पायरी होय. त्यापुढील निदानात एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. या मंडलात जळालेला भाग हा पुष्कळदा दोषाचे मूळ नसून त्याचा परिणाम असतो. मूळ शोधल्याविना तो भाग बदलला, तर नवा भागही थोड्याच दिवसांत जळतो.

इतिहास : अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या प्रतिमानांसाठी कारखान्यातच बसविलेली वातानुकूलन यंत्रणा देऊ केली. तीत संपीडक एंजिनाबरोबर सतत फिरत असे व त्याला क्लच नव्हता. त्यामुळे गारवा नको असल्यास आतील पंखा बंद करणे एवढाच सोपा उपाय चालकाच्या हाती होता. नॅश कंपनीने १९५४ मध्ये तापन, वायुवीजन व शीतन या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रणेत आणून ती गाडीच्या पुढील भागात बसविली. आजच्या मांडणीचे मूळ या रचनेत आढळते. भारतात मोटारगाड्यांच्या वातानुकूलन यंत्रणा बनविणारी सुब्रोस ही कंपनी १९८५ मध्ये सुझुकी व डेन्सो या जपानी कंपन्यांच्या सहभागाने स्थापन झाली. एके काळी चैनीची मानली जाणारी ही सोय पुढे लहान गाड्यांतही सर्रास आली. डिसेंबर २०२३ मधील केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ३.५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींच्या चालककक्षातही वातानुकूलन आवश्यक ठरले आहे.

कार्य : प्रशीतक बाष्पकाच्या नळ्यांत वाफ होताना भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेतो. गॅरेजमध्ये बाष्पकाला ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात. ही वाफ संपीडकात दाबली जाऊन संघनकात जाते आणि तेथे उष्णता सोडून तिचे पुन्हा द्रवात रूपांतर होते [⟶ प्रशीतन]. आतील पंखा बाष्पकावरून हवा ढकलतो व बाहेरचा पंखा संघनकावरून हवा ओढतो. यांपैकी आतला थांबल्यास गारवा निर्माण होऊनही तो प्रवाशांपर्यंत पोहोचत नाही. बाहेरचा थांबल्यास उष्णता बाहेर न पडल्याने मुळात गारवाच निर्माण होत नाही.

आतील पंख्याचे काम केवळ सुखसोयीचे नाही. पावसाळ्यात प्रवाशांच्या श्वासातील बाष्प पुढील काचेवर आतून जमते व समोरचे दिसेनासे होते. बाष्पकावरून गेलेली हवा पाणी मागे ठेवून कोरडी होते आणि ती काचेवर सोडली की धुके थोड्या वेळात नाहीसे होते. म्हणून भर पावसात पंखा बंद पडणे ही सुरक्षिततेची बाब ठरते.

विद्युत् मंडल : विद्युत् घटमालेपासून निघालेला प्रवाह वितळतार (फ्यूज), रिले, पंख्याचे चलित्र, वेग नियंत्रित करणारा रोधक व स्विच यांतून जाऊन गाडीच्या धातूच्या सांगाड्यामार्गे घटमालेकडे परततो. घटकांचा क्रम गाडीगणिक बदलतो. पूर्ण वेगात पंख्याचे चलित्र १५ ते २५ अँपिअर प्रवाह घेते; १२ व्होल्ट दाबाला ही शक्ती सुमारे १८० ते ३०० वॉट होते. घरातील छताच्या पंख्यापेक्षा ती पुष्कळ अधिक आहे. विद्युत् दाब कमी असल्यामुळे एवढ्या शक्तीसाठी मोठा प्रवाह लागतो आणि मोठ्या प्रवाहाच्या वाटेवरील थोडासा रोधही पुष्कळ उष्णता निर्माण करतो. उदा., गंजलेल्या जोडणीचा रोध ०.१ ओहम असून तीतून २० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तेथे २ व्होल्ट दाब वाया जातो व ४० वॉट उष्णता निर्माण होते. ही उष्णता डाख देण्याच्या विजेच्या लहान हत्याराइतकी असून ती प्लॅस्टिकच्या एवढ्याशा जोडणीत कोंडलेली असते. पंख्याच्या मंडलात वितळलेल्या जोडण्या वारंवार आढळण्याचे कारण हेच होय.

साध्या यंत्रणेत कमी वेगासाठी चलित्राच्या मालेत रोधक जोडतात. मंद वेगात ५ अँपिअर प्रवाह वाहताना रोधकावर ७ व्होल्ट दाब उतरत असेल, तर ३५ वॉट उष्णता निर्माण होते. ती वाहून जावी म्हणून रोधक मुद्दाम हवेच्या मार्गात बसविलेला असतो व त्यावर तापाने तुटणारी वितळतारही असते. सर्वांत वरच्या वेगात प्रवाह रोधकाला वगळून थेट चलित्रात जातो. आपोआप तापमान राखणाऱ्या यंत्रणांत रोधकाऐवजी अर्धसंवाहक नियंत्रक असतो. तो प्रवाह सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करून वेग बदलतो.

लक्षणांवरून दोषाचे स्थान : (१) पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगात चालतो व इतर वेगांत बंद राहतो : रोधक किंवा त्यावरील वितळतार तुटलेली असते. (२) एखादाच मधला वेग मिळत नाही : रोधकातील एक फेरा अथवा स्विचमधील एक स्पर्शक निकामी झालेला असतो. (३) कोणत्याच वेगात पंखा चालत नाही : वितळतार, रिले, सांगाड्याची जोडणी वा खुद्द चलित्र यांपैकी एकात दोष असतो. (४) चलित्राच्या कवचाला हलकेच ठोकल्यावर पंखा सुरू होतो : कार्बनाचे कुंचले झिजलेले अथवा अडकलेले असतात. (५) पंख्याचा आवाज येतो, पण हवा कमी येते : गाळणी तुंबलेली असते, पानांचा कचरा साचलेला असतो किंवा बाष्पकावर बर्फ जमलेले असते. संपीडक बंद ठेवून नुसता पंखा १५ ते २० मिनिटे चालविल्यावर हवा पूर्ववत झाली, तर दोष बर्फाचा समजावा. त्याचे कारण तापमान नियंत्रकात वा प्रशीतकाच्या प्रमाणात शोधावे. पंखा बदलून उपयोग होत नाही. (६) वेगाबरोबर बदलणारी खडखड : पात्यांत पान, काडी वा उंदराने आणलेला कचरा अडकलेला असतो. सकाळी सुरू करताना येणारी बारीक किंकाळी धारव्याचा कोरडेपणा दर्शविते. (७) रस्त्यावर वेगात असताना गारवा चांगला व गाडी थांबली की हवा कोमट : बाहेरचा पंखा चालत नाही.

शेवटचे लक्षण पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात नेहमी अनुभवास येण्याजोगे आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडी वेगात असताना समोरून येणारा वाराच संघनकाला थंड करतो व पंख्याचा दोष झाकला जातो. तीच गाडी वसई फाट्यावरून आत वळून वसई रोड स्थानक परिसर व माणिकपूरच्या गर्दीत शिरली, म्हणजे वारा थांबतो आणि आतील हवा काही मिनिटांत कोमट होते. प्रशीतकाचा दाब वाढत जातो. आर-१३४ए या प्रशीतकाच्या बाबतीत उच्च बाजूचा दाब साधारणपणे दर चौ. सेंमी.ला १२ ते १८ किग्रॅ. असतो, तो ३० किग्रॅ.च्या आसपास पोहोचला की दाब-स्विच संपीडक बंद करतो. चालकाला एवढेच दिसते की, एसी मधूनमधून बंद पडतो. अशा वेळी गॅस कमी झाला असे समजून प्रशीतक भरण्याची चूक सर्रास होते. तीमुळे दाब आणखी वाढतो, संपीडकावर ताण येतो आणि पंखा होता तसाच राहतो. म्हणून गॅसची परीक्षा करण्यापूर्वी वातानुकूलन चालू करून पुढील पंखा फिरतो की नाही हे डोळ्यांनी पहावे. बहुतेक गाड्यांत हाच पंखा एंजिनाचे पाणीही थंड करीत असल्याने गर्दीत एंजिन तापू लागणे हीदेखील त्याच दोषाची खूण असू शकते.

स्थानिक कारणे : माणिकपूर हे गाव पूर्वी नवघर-माणिकपूर नगरपरिषदेत होते व २००९ पासून वसई-विरार शहर महानगरपालिकेत आहे. अरबी समुद्र, वसईची खाडी व मिठागरे यांच्या सान्निध्यामुळे येथील हवा दमट व खारट असते. मिठाचे कण पाणी ओढून घेतात व तांब्या-पितळेच्या जोडण्यांवर हिरवट थर जमतो. ॲल्युमिनियमाच्या संघनकाचे पंख ठिसूळ होऊन झडतात आणि सांगाड्याच्या जोडणीखाली गंज चढतो. झाडांखाली उभ्या केलेल्या गाड्यांत पुढील काचेखालच्या पन्हळीतून पाने आत जातात. ती कुजून पाण्याची वाट बुजली, तर पावसाचे पाणी थेट पंख्यात उतरते.

साचलेल्या पाण्याचा धोका निराळा आहे. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने वसई-विरार भागातील अनेक वस्त्यांत व रेल्वेमार्गावर पाणी भरले होते. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीतील पंखा वाळल्यासारखा दिसला, तरी चलित्रात चिखल व क्षार राहतात. त्या स्थितीत तो सुरू केल्यास चलित्र अडकते, प्रवाह अनेक पटींनी वाढतो व तारांचे निरोधन जळू शकते. म्हणून अशी गाडी सुरू न करता आधी घटमालेची जोडणी सोडवावी व गाडी ओढून न्यावी.

परीक्षणाचा क्रम : परीक्षण सोप्याकडून कठिणाकडे व न उघडता पाहता येण्याजोग्या भागांपासून करावे. प्रथम सर्व वेगांत पंखा चालवून लक्षणांची नोंद घ्यावी. नंतर वितळतार पहावी. ती जळालेली असल्यास त्याच अँपिअरांची नवी बसवावी; तीही लगेच जळाल्यास पुढे नवी घालीत न बसता मंडलातील लघुपथ किंवा अडकलेले चलित्र शोधावे. अधिक अँपिअरांची वितळतार अथवा तिच्या जागी साधी तार कधीही घालू नये. वितळतारेचे प्रमाण तारेच्या जाडीला अनुसरून ठरविलेले असते. ते वाढविले, म्हणजे वितळण्याचे काम तारेकडे जाते आणि फलकामागे आग लागू शकते.

रिलेची परीक्षा करण्यासाठी त्याच जातीचा दुसरा चालू रिले तेथे बसवून पहावा. त्यानंतर पंखा चालू ठेवून चलित्राच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. चालू एंजिनाच्या गाडीत घटमालेवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब असतो. पूर्ण वेगात चलित्रावर त्याहून एखादा व्होल्टच कमी आढळावा. दाब पुरेसा असून चलित्र फिरत नसेल, तर दोष चलित्रात आहे. दाबच नसेल, तर दोष वाटेत आहे. या एका मापनाने मंडलाचे दोन भाग पडतात व अर्धे काम संपते.

हे मापन जोडणी जोडलेली व पंखा चालू असतानाच करावे लागते. जोडणी काढून मोजल्यास गंजलेल्या वाटेवरही पूर्ण १२ व्होल्ट दाब दिसतो. कारण मापकातून नगण्य प्रवाह जातो व वाटेतील रोधावर दाब उतरत नाही. कारागीर ‘करंट येतो आहे’ असे म्हणतो आणि चांगले चलित्र बदलले जाते. हीच रीत सांगाड्याच्या बाजूलाही लावावी. चलित्राचे ऋण टोक थेट सांगाड्याला जोडलेले असल्यास ते टोक व घटमालेचे ऋण टोक यांमधील दाब चालू स्थितीत ०.२ व्होल्टहून कमी असावा. अधिक असल्यास जोडणी उघडून घासून पुसून पुन्हा आवळावी. ऋण बाजूलाच रोधक असलेल्या गाड्यांत हे मापन सर्वांत वरच्या वेगात करावे.

शेवटी तारेभोवती अडकविता येणाऱ्या अँपिअरमापकाने प्रवाह मोजावा. निर्मात्याने दिलेल्या प्रमाणापेक्षा तो बराच अधिक असल्यास चलित्र जड फिरत आहे. रोधक, रिले वा जोडणी जळण्यामागे बहुधा हेच मूळ असते : कोरड्या धारव्यामुळे चलित्राचा प्रवाह वाढतो व वाटेतील सर्वांत दुबळा भाग आधी जळतो. तुंबलेली गाळणीही रोधकाचा घात करते. तिच्यामुळे त्याला थंड करणारी हवा कमी पडते. त्यामुळे जळालेला रोधक बदलताना चलित्राचा प्रवाह व गाळणी या दोन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत.

दुरुस्ती : काम सुरू करण्यापूर्वी किल्ली काढून घटमालेचे ऋण टोक सोडवावे. फलकाजवळ सुरक्षा-पिशव्यांची यंत्रणा असल्यास निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे. बाहेरचा पंखा एंजिन बंद असतानाही तापमानामुळे आपोआप सुरू होऊ शकतो. घटमाला जोडलेली असताना त्यात बोटे घालू नयेत. संकरित व विद्युत् गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारांत प्राणघातक दाब असतो. त्यांना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये.

आतील पंखा काढण्यासाठी बहुतेक लहान गाड्यांत डाव्या खणाखालील जोडणी व तीन-चार स्क्रू सोडवावे लागतात. प्रशीतकाच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही. पंखा हाताने फिरविल्यावर तो सहज फिरून हळूहळू थांबला पाहिजे. पाती साफ करताना त्यांवरील तोलाच्या लहान पट्ट्या काढू नयेत, अन्यथा पंखा थरथरतो. बुश कोरडे असल्यास हलक्या यंत्रतेलाचे एक-दोन थेंब पुरतात. अधिक तेल दिक्परिवर्तकावर जाऊन कुंचले खराब करते. दिक्परिवर्तक काळवंडला असल्यास तो बारीक काचकागदाने पुसावा. एमरी कागदाचे कण विद्युत् संवाहक असल्याने ते पट्ट्यांच्या फटीत बसून लघुपथ करू शकतात. कवच न उघडता येणारे व कुंचले झिजलेले चलित्र मात्र बदलणेच इष्ट ठरते.

वितळलेली जोडणी तशीच ठेवून नवा रोधक खोचू नये. जोडणीचा तुकडाही तितक्याच जाडीच्या तारेने बदलावा. नवे चलित्र जोडताना टोकांची अदलाबदल झाल्यास आतील पंखा उलट फिरतो. पिंजऱ्यासारख्या पंख्यातून उलट फिरूनही हवा त्याच बाजूने, पण क्षीण येते. त्यामुळे ही चूक लवकर लक्षात येत नाही. बाहेरच्या पंख्याची परीक्षा सोपी आहे : पुढील जाळीसमोर धरलेला कागद आत ओढला गेला पाहिजे. काही नव्या गाड्यांतील पंख्यांना कुंचले नसतात व नियंत्रक चलित्रातच असतो. अशा पंख्याला घटमालेची थेट जोडणी देऊन पाहू नये, तर नियंत्रकाचा संदेश उपकरणाने तपासावा.

दुरुस्तीनंतर सर्व वेगांत प्रवाह पुन्हा मोजावा, १५ मिनिटे पूर्ण वेगात चालवून जोडण्या हाताला गरम लागतात का ते पहावे आणि गाडीखाली बाष्पकाचे पाणी ठिबकते याची खात्री करावी. पाणी न ठिबकल्यास निचऱ्याची नळी तुंबलेली असू शकते.

प्रशीतक व पर्यावरण : पूर्वी गाड्यांत वापरला जाणारा आर-१२ हा प्रशीतक ओझोन थराला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार तो क्रमाने बाद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनाला घातक नसला, तरी शंभर वर्षांच्या कालावधीत तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सुमारे १,३०० पट तापनकारक ठरतो. पंख्याच्या दोषाला गॅसचा दोष समजून प्रशीतक हवेत सोडणे व पुन्हा भरणे यामुळे ग्राहकाच्या पैशाबरोबर वातावरणाचीही हानी होते. प्रशीतक काढावाच लागला, तर तो यंत्राने टाकीत साठवून घ्यावा.

देखभाल : किनारी प्रदेशात गाळणी वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात पावसाच्या तोंडावर बदलावी. त्याच वेळी काचेखालील पन्हळ साफ करावी, संघनकावर कमी दाबाचे पाणी सोडून मीठ व धूळ धुवावी आणि सांगाड्याच्या जोडण्या घासून त्यांवर पातळ ग्रीस लावावे. पंखा काही दिवस सर्व वेगांत चालत नसल्याचे आढळल्यास फक्त वरच्या वेगावर काम भागवू नये. तो दोष बहुधा जड झालेल्या चलित्राची अथवा तापणाऱ्या जोडणीची पहिली सूचना असतो व त्या अवस्थेत त्याची दुरुस्ती सर्वांत स्वस्त पडते.